गोरखनं न छापलेला फ्लेक्स

कामशेतच्या बाजारपेठेत गोरखचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मावळातल्या माणसाचा खरा भाव कळायला त्या दुकानासारखी जागा नाही. ज्याला घरची म्हैससुद्धा ओळख देत नाही, तो इथं येऊन ‘युवकांचे आशास्थान’ होऊन जातो. चेहरा काळवंडलेला असला तर उजळतो, टक्कल असलं तर त्यावर केस उगवतात. खाली शुभेच्छुकांच्या बारक्या फोटोंची रांग लागते आणि आपण कुणाला कशाच्या शुभेच्छा दिल्यात, हे त्यातल्या निम्म्यांना चौकात गेल्यावर कळतं. गोरख हे सगळं मन लावून छापायचा आणि मनातल्या मनात थुंकायचा. ‘कार्यसम्राट लिहू का समाजभूषण?’ असं तो इतक्या अदबीनं विचारायचा, की हा आपली टर उडवतोय हे भल्याभल्यांच्या ध्यानात यायचं नाही.

त्याचं मूळ गाव तिकोणा पेठेच्या पुढं, पवना धरणाच्या पाण्याला लागून असलेली एक वाडी. थोरला भाऊ हौशीराम तिथंच असतो. पावसाळ्यात इंद्रायणी भात लावतो आणि थंडीत त्याच वावरात पुण्या-मुंबईच्या पोरांसाठी तंबू ठोकतो. गोरख मात्र मिसरूड फुटता फुटताच वाडीतून निघाला तो निघालाच. जत्रेला जायचा नाही. आई गेली तेव्हा दहाव्याला गेला आणि पान वाढायच्या आत परत फिरला. गावानं ठरवून टाकलं की पोरगं शहाणं झालंय, त्याला आता गाव नको. गाव असं चटकन ठरवून टाकतं. त्यात डोकं चालवावं लागत नाही.

बायकोला, अनिताला, वेगळं काही दिसायचं. मानेवर मागून हात पडला की हा माणूस अंगावर पाल पडावी तसा उडायचा. न्हाव्याच्या खुर्चीत बसायचा नाही. केस कापायचं मशीन त्यानं घरी आणून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणायचा, न्हाव्याच्या राजकारणावरच्या गप्पा सोसवत नाहीत. हे कारण इतकं पटण्यासारखं होतं, की अनितानं लग्नानंतर कितीतरी वर्षं ते खरं मानलं.

मग एका पावसाळ्यात एक नेहमीचं गिऱ्हाईक दुकानात आलं. गोरख पाठमोरा काम करत होता. त्या माणसानं मागून त्याची मान पकडली आणि ‘काय पैलवान!’ म्हणून गदागदा हलवली. गोरखनं हातातली लोखंडी पट्टी फिरवली. माणसाच्या भुवईला टाके पडले. प्रकरण चौकीवर गेलं, चार लोक मध्ये पडले, मिटलं. त्याच संध्याकाळी अनितानं सांगून टाकलं, की ह्या रागाचं काहीतरी करा, नाहीतर मी माहेरी जाते.

काहीतरी म्हणून काय करायचं, तर लोणावळ्याला भुशी धरणाच्या रस्त्यावर एका बंगल्यात शिबीर होतं. ‘मुळापासून मुक्ती’. त्याचा बोर्ड गोरखनंच छापला होता आणि छापताना तो खूप हसला होता. आता नवरा-बायको तिथं गादीवर मांडी घालून बसले. शिबीर घेणारे सर पांढऱ्या कुडत्यातले, गळ्यात स्फटिकाची माळ. बोलताना स्वतःच्याच आवाजाला कुरवाळायचे. त्यांनी सगळ्यांना एकेक पांढरी उशी दिली. ज्यानं लहानपणी दुखावलं त्याला ह्या उशीत बघा, तिला मिठी मारा आणि म्हणा, मी तुला क्षमा केली. आजूबाजूला मिठ्या सुरू झाल्या. काहीजण रडले, काहीजण इतर रडतायत म्हणून रडले. गोरख उशी मांडीवर घेऊन बसून राहिला. सर जवळ आले, आवाज आणखी मऊ केला.

“तुमच्या आत्म्यानं जन्माआधीच त्या माणसाची निवड केली होती. तो तुमचा गुरू आहे.”

“मी सहावीत होतो, सर,” गोरख म्हणाला. “आत्म्याला तेव्हा अपूर्णांकसुद्धा येत नव्हते.”

त्यानं उशी खाली ठेवली आणि बाहेर पडला. अनिता चपला हातात घेऊनच मागोमाग धावली. रस्त्यावर भुशीहून परतणाऱ्यांची झिम्मड होती. ओले टीशर्ट, कणसं, गाड्यांमधून बडवणारी गाणी. त्या गर्दीतून तो ताडताड चालत होता आणि ती मागं. एका बंद टपरीच्या आडोशाला तिनं त्याला गाठलं. सहावीत काय झालं, असं तिनं विचारलं, आणि त्यानं सांगितलं.

सांगायला वेळ लागला नाही. वाडीच्या तालमीत धोंडिबा वस्ताद होते. पोरं माती खेळून घरी जायची, आणि गोरखला ते मालिशला मागं थांबवून घ्यायचे. दार लावायचे. मानेला मागून धरायचे. हे वर्षभर चाललं. पुढचं अनितानं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. ती टपरीच्या फळीवर टेकली. 

“आपल्या लग्नात पहिल्या खुर्चीवर बसलेले, ते?” तिनं विचारलं.

“तेच.”

“मी पाया पडले होते त्याच्या.”

एवढंच ती म्हणाली. ‘ते’चं ‘तो’ झालं, ते त्या वाक्यात झालं आणि पुन्हा कधी बदललं नाही.

पुढचं अनितानं बघितलं. शिबिरांवरून तिचं मन उडालं होतं. तिनं सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन चौकशी केली, तिथं तिला प्रज्ञेशचं नाव मिळालं. प्रज्ञेश समुपदेशक, तळेगावजवळच्या इंदुरीचा, पस्तिशीतला, नोकरी दवाखान्यात. रविवारी दुपारी लोणावळ्यात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो एक गट चालवायचा. लहानपणी ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले अशी आता मोठी झालेली माणसं तिथं यायची. गोरख पहिल्या रविवारी गेला तो भांडायच्या तयारीनंच. उशी दिसली तर उलट्या पावली फिरायचं, हे त्यानं पक्कं केलं होतं. उशी नव्हती. प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, थर्मासमधला चहा आणि बिस्किटं.

प्रज्ञेशनं सांगितलं, की इथं क्षमा करा असं कुणी म्हणणार नाही, बोलायची सक्ती नाही, आणि इथलं बाहेर न्यायचं नाही.

“मग करायचं काय?” गोरखनं विचारलं.

“बसायचं.”

बसायला एसटी स्टँड आहे की, असं गोरख म्हणाला. प्रज्ञेश हसला आणि त्यानं खुर्ची पुढं सरकवली. गोरख बसला, पण हाताची घडी घालून. पहिले काही रविवार तो लोकांच्या कहाण्या ऐकत राहिला आणि घरी येऊन अनिताला सांगत राहिला, की सगळा वेळेचा अपव्यय आहे. रविवार आला की मात्र आंघोळ करून सगळ्यांच्या आधी तयार असायचा. अनिता ह्यावर काही बोलली नाही. शहाणी बाई.

एका रविवारी येसूबाई बोलल्या. सत्तरीच्या बाई, नऊवारी नेसलेल्या, तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. नातीनं त्यांना आणून सोडलं होतं. सावत्र मामानं लहानपणी छळलं होतं. नवऱ्याला सांगितलं नाही, देवळात सांगितलं नाही, दीक्षा घेतल्यावर विहारातसुद्धा नाही.

“कुनी इचारलंच न्हाई,” येसूबाई म्हणाल्या. “मामा मेला तवा लोक मातीला गेलं, आन् म्या घरी पुरनपोळी केली. पोरं इचारायली, आई, आज कंचा सन? म्हनलं, खावा गप.”

गोरख हसला. मोठ्यानं, पोट धरून हसला. मग ते हसू कुठं वळलं त्यालाच कळलं नाही; चेहरा हातांनी झाकून तो हुंदके द्यायला लागला. येसूबाईंनी बशीतलं एक बिस्कीट उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. कुणी पाठीवर हात ठेवला नाही. त्या खोलीतल्या सगळ्यांना तेवढं कळत होतं.

त्यानंतर तो बोलायला लागला. त्याच्या आत सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट ही, की आपण ओरडलो का नाही. दार लावलेलं असलं तरी बाहेर रस्ता होता, माणसं होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीत गेलो कसे? गेलो म्हणजे आपल्याला चाललंच होतं का? प्रज्ञेश म्हणाला, अंगावर कुत्रं आलं की काही माणसं पळतात, काही ओरडतात, काही जागीच थिजतात. थिजलेल्यानं कुत्र्याला बोलावलेलं नसतं. आणि सहावीतलं पोर दुसऱ्या दिवशी तिथंच जातं जिथं बाप पाठवतो. गोरख ह्यावर लगेच म्हणाला, की हे वाक्य फ्लेक्सला बरं आहे. पण घरी जाताना त्यानं ते वाटभर घोळवलं.

दिवाळी झाली आणि हौशीराम दुकानात आला. क्वचितच यायचा. हातात मिठाईचा पुडा, खिशात फोटो. वाडीनं धोंडिबा वस्तादांचा मोठा सत्कार ठरवला होता. मिरवणूक, फेटा, मानपत्र, आणि त्यांच्या नावानं तालीम नव्यानं सुरू करायची. मॅट येणार होती, लहान मुलांचं उन्हाळी शिबीर होणार होतं. कमानीचा मोठा फ्लेक्स घरच्या माणसानं छापावा, अशी कमिटीची इच्छा.

गोरखनं फोटो हातात घेतला नाही. त्यानं खुर्ची ओढून भावाला बसवलं आणि जे टपरीच्या आडोशाला सांगितलं होतं ते इथं नीट, न अडखळता सांगितलं. हौशीराम पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत ऐकत होता. गोरखला वाटलं होतं भाऊ हादरेल, नाहीतर खोटं म्हणेल. दोन्ही झालं नाही.

“नवं काय सांगतुयास?” हौशीराम म्हणाला. “त्येची ती खोड सगळ्या गावाला ठावं हुती. आमच्या टायमाला बी व्हती. म्हनून तर पोरं मालिशीला एकटी थांबत न्हवती.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? समजून घ्यायचं आस्तं.” आणि मग, जरा समजूत घालत, “बाईमानसाची गोष्ट येगळी. बाप्याला काय हुतंय? लगीन झालं, दुकान हाय, चाललंय की समदं.”

गोरखला तेव्हा कुठं उमगलं. इतकी वर्षं तो आपल्या तोंडाला कुलूप लावून बसला होता, की गावाला कळलं तर काय होईल. गावाला तर आधीच कळलेलं होतं! काहीच झालं नव्हतं. लोक भात लावत होते, तंबू ठोकत होते, वस्तादाला पहिली खुर्ची देत होते, आणि पोरांनी आपापलं समजून घ्यावं अशी व्यवस्था होती. एका माणसाचं पाप फार तर एका लंगोटात मावतं. ते गावानं वाटून घेतलं होतं, जत्रेची वर्गणी वाटून घ्यावी तसं. त्यानं भावाला सांगितलं, मिठाई घेऊन जा, फ्लेक्स मिळणार नाही.

गटात त्यानं विचारलं, आता काय करू? प्रज्ञेशनं काय करता येईल ते समोर मांडलं. पोलिसांत जाता येतं. इतक्या वर्षांनी वाट लांबची आहे, पण वकिलाशी बोलून बघता येईल. गावात बोलता येतं. काही न करणं हेही चालतं. काय करायचं ते मात्र तुम्हीच ठरवा, म्हणाला. गोरखनं ठरवलं, की मुलांचं शिबीर होणार आहे ना, मग गावात बोलायचं. काय बोलायचं ते त्यानं त्या खोलीत पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. येसूबाई ऐकून सांगायच्या, “लय लांबतंय. तोडून बोल.”

कमिटीची बैठक वाडीच्या देवळात होती. अनिता सोबत आली. सभामंडपात बाप्ये सतरंजीवर, बायका खांबांमागं चहाच्या कपांशी. धोंडिबा वस्ताद खुर्चीत. मानेचं कातडं लोंबलेलं, कानात यंत्र. मंडप कुठला, बँड कुठला ह्यावर चर्चा चालली होती. गोरख उभा राहिला.

“मी सहावीत असताना धोंडिबा वस्तादानं तालमीत माझ्यावर अत्याचार केला. वर्षभर केला. सत्कार करायचा तर करा. पण आपल्याला ठाऊक नव्हतं, असं आता कुणाला म्हणता येणार नाही. आणि पोरं त्याच्या हाती देऊ नका.”

मंडपात शांतता झाली, पण ती लाजेची नव्हती. ताटात केस निघाल्यावर पाहुणे गप्प होतात तसली होती. कुणीतरी खाकरलं. एकजण म्हणाला, म्हातारं माणूस आहे, आज आहे उद्या नाही. दुसऱ्यानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं खाली बघून हसले. तिसऱ्यानं थेट विचारलं, की ह्यामागं विरोधी पॅनेल आहे का. खरं बोलणारा माणूस दिसला की ह्या लोकांना पहिला प्रश्न हाच पडतो, की ह्याला उभा कुणी केला.

वस्तादानं डोळे बारीक करून गोरखकडं बघितलं.

“हौशाचा धाकटा व्हय रं तू?” तो म्हणाला. “लय वाळलास.”

एवढंच. नाकारलं नाही, कबूल केलं नाही. बैलाच्या बाजारात एखादं जनावर ओळखावं तसं ओळखलं. गोरखच्या आत जे उसळलं ते भय नव्हतं. ह्या पिचक्या म्हाताऱ्याला आपण इतकी वर्षं मानेवर वागवलं, ह्याची त्याला किळस आली. तो अनिताबरोबर बाहेर पडला.

सत्कार झाला. झोकात झाला. फ्लेक्स वडगावहून छापून आला, त्यात वस्ताद वीस वर्षांनी तरुण आणि दूध प्यायल्यासारखा गोरा होता. मानपत्रात ‘अनेक पिढ्या घडवल्या’ असं वाक्य होतं आणि ते वाचताना कुणाची जीभ अडखळली नाही. ज्यांनी स्वतःच्या लहानपणी मालिशीला एकटं न थांबायची काळजी घेतली होती, ते पुढं बसून टाळ्या वाजवत होते. त्याच तोंडानं ते आपल्या पोरांना संस्कार शिकवतात.

पण तालमीचं वेगळंच झालं. खांबामागं चहा ओतणाऱ्या बायकांत हौशीरामची बायको लीलाबाई होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याशी ती एक शब्द बोलली नाही. बचत गटाच्या निमित्तानं ती घरोघर फिरली आणि प्रत्येक आईला एवढंच म्हणाली, “माझं धाकटं तालमीत जानार न्हाई. का, ते तुमच्या मालकाला इचारा.” घरोघरच्या मालकांनी काय उत्तरं दिली कुणास ठाऊक. उन्हाळी शिबिराचा दिवस उजाडला, नारळ आला, पाहुणे आले, आणि पोर एकही आलं नाही. कुणाला ताप, कुणी मामाकडं. महागाची मॅट गुंडाळून ठेवलीय. तालमीत आता कमिटीच्या खुर्च्या आणि मंडपाचे बांबू पडलेत.

मग लीलाबाई कामशेतला आली, एकटीच, पहिल्यांदाच. दुकानात काउंटरपाशी उभी राहिली.

“भावजी,” ती म्हणाली, “मी ह्या घरात आले तवा तुमी पंधरा-सोळाचं हुता. मला वाटायचं, ह्या पोराला आपली भाकर आवडत न्हाई, म्हनून ताटावरनं उठतंय.”

तिनं पदर डोळ्यांना लावला.  गोरखनं तिला आत बसवलं आणि अनिताला फोन करून बोलावून घेतलं. त्या दिवशी तिघं घरी एकत्र जेवली.

हौशीराम अजून बोलत नाही. वाडीत असं सांगतात, की गोरख आधीपासूनच तिरसट, कामशेतला जाऊन बिघडला. पोलिसांत जायचं का, हे त्यानं अजून ठरवलेलं नाही. वकिलाला एकदा भेटून आलाय. कधी वाटतं जावं, कधी वाटतं त्या म्हाताऱ्यासाठी आणखी किती उन्हाळे घालवायचे. दोन्ही दिवशी तो दुकान वेळेवर उघडतो.

बैठकीनंतर थोड्याच दिवसांत एक फोन आला होता. वाडीतलाच पप्पू, चाळिशी आली तरी पप्पूच म्हणवतो, तळेगावच्या कारखान्यात कामाला. गोरखच्या मागच्या वर्गात होता. फोनवर बराच वेळ त्यानं कारखान्यातल्या शिफ्टबद्दल, पगारवाढीबद्दल बोलून घेतलं आणि मग म्हणाला, “माझं बी तेच रं.” गोरखनं त्याला रविवारी लोणावळ्याला बोलावलं.

पप्पू आला, दारातच थांबला. आपण काही बोलणार नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. गोरखनं त्याला चहा दिला. खोलीत अजून बाकीचे जमायचे होते.

“हितं येऊन बरं वाटतं का?” पप्पूनं विचारलं. “खरं सांग.”

गोरखनं विचार केला. एरवी अशा प्रश्नाला त्याच्या जिभेवर काहीतरी तिखट तयार असायचं.

“आदी तो मानूस माझ्या घरात ऱ्हायचा,” तो म्हणाला. “माझ्या ताटावर, अंथरुणात, सगळीकडं. आता तो गावात ऱ्हातो.”

पप्पूनं मान हलवली. त्या दुपारी तो एक अक्षर बोलला नाही. बशीतली बिस्किटं तेवढी संपवली. येसूबाईंनी प्रज्ञेशला सांगितलं, की पुढच्या वेळी दोन पुडे आणा, हे पोरगं भुकेलं दिसतंय.

पुढच्या रविवारी गोरख पोचला तेव्हा पप्पू आधीच येऊन वाचनालयाच्या पायरीवर बसला होता.